समोरच्या टेबलावर आम्हालाही बसू द्या

मराठवाड्यातल्या समस्त हॉटेलमालकांना, नाश्ता सेंटरवाल्यांना आणि गाडेवाल्या भावांना,

सप्रेम नमस्कार.

पहाटे चारला भट्टी पेटवणाऱ्या माणसाला पत्रं वाचायला सवड नसते, हे मी जाणते. पण साडेदहा-अकराला सकाळची गर्दी ओसरते, भज्यांची कढई उतरते, तुम्ही गल्ल्यावर टेकून निवांत चहा घेता. त्या वेळी हे वाचावं, एवढी विनंती. मागणं एकच आहे. सकाळी तुमच्याकडे एकटीदुकटी बाई नाश्त्याला आली, तर तिला मागच्या खोलीत धाडू नका. समोर, जिथं सगळे बसतात तिथंच तिला बसू द्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बीड, लातूर आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांच्या हद्दी जिथं एकमेकींना भिडतात, त्या भागात माझी सारी नोकरी झाली. बदल्या होत राहिल्या, शाळा बदलत गेल्या, सकाळची एसटी मात्र कायम राहिली. अंबाजोगाई, केज, कळंब, मुरूड, परळी या गावांची बसस्थानकं आणि त्यांच्या समोरची नाश्त्याची हॉटेलं मी बाहेरून पुरेपूर ओळखते. आतून मात्र फारच थोडी ओळखते. त्याचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र.

आधी बसस्थानकाकडे बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि सकाळच्या गाड्यांचं रूपच पालटलं. आधीही आम्ही शिक्षिका, नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई असायचोच. आता त्यात बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या आहेत, निराधार योजनेच्या पगारासाठी बँकेत नंबर लावायला निघालेल्या म्हाताऱ्या आहेत, कॉलेजच्या पोरी आहेत, बाळाला डॉक्टरला दाखवायला निघालेल्या लेकुरवाळ्या आहेत, गट विकास अधिकाऱ्याला भेटायला निघालेल्या सरपंच बाई आहेत. तिकीट फाडणारी कंडक्टरही पुष्कळदा बाईच असते. स्थानकांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष झाले, म्हणजे तान्हं मूल घेऊन बाई प्रवास करते हे सरकारलाही कळलं. स्थानकाच्या फाटकातून बाहेर पाऊल टाकलं, रस्ता ओलांडून तुमच्या हॉटेलाकडे बघितलं, की तिथं मात्र सगळे पुरुष. बाकड्यावर पुरुष, टेबलावर पुरुष, पायरीवर उभे राहून चहा पिणारे पुरुष.

यातली बहुतेक बाई घरून उपाशी निघालेली असते. पाचला उठून तिनं भाकरी थापल्या, पोरांचे डबे भरले, सासू-सासऱ्यांचा चहा केला, जनावरं असतील तर त्यांचंही बघितलं. स्वतः एक कप चहा ढोसून गाडीसाठी पळाली. मग दुपारी शाळेत पोरांची खिचडी शिजेपर्यंत किंवा तहसिलातलं काम आटोपेपर्यंत पोटात काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. एका प्लेट पोह्यानं रक्त वाढत नाही, हे मलाही कळतं. पण उपाशीपोटी अर्धा दिवस उभं राहायची सवय आपल्याकडे बाईच्या अंगी किती मुरली आहे, ते त्या आकड्यामागे दिसतं. आणि ही सवय मोडायची एक जागा तुमच्या हातात आहे, बसस्थानकाच्या अगदी समोर.

ती बाई तुमच्या दारात आली की काय होतं, ते सांगते. पायरी चढताच चार-पाच माना वळतात. त्यातल्या बहुतेकांच्या मनात वाईट काही नसतं. बाई दिसायची सवय नाही, म्हणून वळतात. तेवढ्यात फडकं मारणारा पोरगा हाताच्या खुणेनं मागचं दार दाखवतो: "ताई, फॅमिली आत." आत म्हणजे प्लायवूडचा आडोसा आणि त्याला लावलेला पडदा. एका कोपऱ्यात कांद्याच्या गोण्या, दुसऱ्यात रिकाम्या टाक्या, एक टेबल, दोन धड आणि एक मोडकी खुर्ची. पंखा असला तर बंद, खिडकी असली तर ती खोक्यांनी झाकलेली. तिथं बसलेलं गिऱ्हाईक कुणाला दिसत नाही, म्हणून पाणीही कुणी आणत नाही. बाहेर ओरडून सांगायचा तिला संकोच वाटतो. पोहे येतात तेव्हा गार झालेले असतात आणि तिकडं गाडी लागल्याची घोषणा होते. एकदा असं झालं की दुसऱ्या वेळी ती आत येतच नाही. पायरीवरूनच पार्सल मागते. तुमचा पोरगा वर्तमानपत्राच्या कागदात पोहे बांधून देतो आणि ती फलाटाच्या खांबाआड, पदराचा आडोसा करून, उभ्यानं चार घास गिळते.

वर्तमानपत्रात खायचा पदार्थ बांधायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकिंगच्या नियमांत मनाई आहे, हेही जाता जाता सांगते. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते आणि पोटात जाते. समोर बसून स्टीलच्या प्लेटीत खाणाऱ्याला हा धोका नाही. पार्सलवालीच्या वाट्याला तो रोज येतो.

आणि तुमच्याकडचा नाश्ता पार्सलचा नाहीच मुळी. मुरमुऱ्यांची सुशीला घ्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला तिचं नावही माहीत नसतं, आपल्याकडे मात्र ती सकाळची राणी. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, हात जरा जास्त वेळ थांबला की लगदा झालाच. कढईत शेंगदाणे तळून मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, हळद. मग मुरमुरे, त्यावर डाळ्याचं कूट, वरून कोथिंबीर आणि लिंबू. कढईतून उतरल्यावर दहा मिनिटं ती खरी लागते. कागदात बांधली की घामेजते आणि सगळी चव मऊ पडते. भज्यांचं तेच. कांद्याच्या भज्याची कडा कुरकुरीत आहे तोवर तळलेल्या मिरचीबरोबर खायची. बस सुटेपर्यंत ठेवली की चिवट. निलंगा राईसची तर गोष्टच वेगळी, तो भात हंड्यातून वाफाळत प्लेटीत पडला पाहिजे, वर भजे कुस्करून पाहिजेत. ही सगळी तुमच्या हातची करामत आहे आणि ती गरमागरम खायचा मान सकाळच्या वेळी फक्त पुरुषांना मिळतो. मला हे मनापासून खटकतं, कारण मला तुमचा नाश्ता आवडतो.

त्यातही तुमच्याच हॉटेलाच्या मागच्या बाजूला नजर टाका. कांदा चिरणारी बाई आहे. पुऱ्या लाटणाऱ्या दोघी आहेत. प्लेटी घासणारी आहे. कितीतरी गाड्यांवर तर पोह्याची फोडणी देणारीही घरधनीणच असते, नवरा फक्त पैसे घेतो. म्हणजे सकाळचा नाश्ता बाईच्या हातानं तयार होतो, तिच्याच हातानं भांडी विसळली जातात, आणि मधल्या जागेत बसून खायला तेवढी बाई नको.

आता जरा मोठी गोष्ट. तालुक्याच्या गावातलं सकाळचं हॉटेल हे नुसतं पोट भरायचं ठिकाण असतं तर मी एवढी ओढाताण केली नसती. तुम्ही रोज बघता, तुमच्या टेबलांवर काय काय चालतं. ग्रामसेवक तिथं भेटतो, तलाठी तिथं भेटतो, पंचायत समितीतला बाबू नऊला भजे खायला तिथं येतो. घरकुलाची यादी कधी लागणार, विहिरीची फाईल कुठं अडली, पीकविम्याचे पैसे कोणत्या मंडळाला आले, शाळेच्या खोलीचा प्रस्ताव कुणाच्या टेबलावर पडला आहे, ही सगळी माहिती कचेरी उघडायच्या आधी तुमच्या टेबलावर फिरून गेलेली असते. कचेरीत मिळतं ते "उद्या या". हॉटेलात मिळते ती खरी बातमी.

पंचायत राजमध्ये १९९३ पासून बायकांना एकतृतीयांश जागा आल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा झाल्या. म्हणजे आज गावोगावी निम्म्या खुर्च्यांवर बायका आहेत. पण सरपंच बाई तालुक्याला आली की पंचायत समितीच्या व्हरांड्यातल्या बाकावर पदर सावरून बसते आणि तिचा नवरा समोरच्या हॉटेलात ग्रामसेवकाबरोबर पोहे खातो. अकराला तो येऊन सांगतो, "काम झालं, चल." काय झालं, कसं झालं, कुणी काय मागितलं, तिला काही ठाऊक नसतं. सगळे म्हणतात, बाई नावाला, कारभार नवऱ्याचा. कारभार जिथं चालतो त्या टेबलावर बसायची तिला सोयच नाही, हे कुणी म्हणत नाही. माझ्या एका शाळेच्या गावच्या सरपंच बाई चांगल्या बारावी शिकलेल्या, हिशेबाला तल्लख. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मला ग्रामसभेत बोलायला भीती वाटत नाही, पण त्या हॉटेलात जाऊन साहेबांशी बोलायला पाय उचलत नाही." ग्रामसभेत बोलणारी बाई हॉटेलाच्या पायरीवर अडते, तेव्हा ती पायरी तेवढी साधी राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, बाई, ही आपल्याकडची रीत आहे, त्याला हॉटेलवाला काय करणार? तर ही रीत तेवढी पक्की नाही. तुळजापूरला जा. नवरात्रात काय किंवा एरवी मंगळवारी-शुक्रवारी काय, देवीचं दर्शन घेऊन आलेल्या बायका हॉटेलात ऐसपैस बसून पुरी-भाजी खातात. माहूरला, परळीला, औंढ्याला तेच. तिथं कुणाची मान वळत नाही, कुणी पडद्याकडे बोट दाखवत नाही. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात तर बाई, पुरुष, गरीब, श्रीमंत एका पंगतीत मांडी घालून बसतात. नांदेडचीच नव्हे, आपल्या सगळ्या जिल्ह्यांतली माणसं तिथं जेवून आलेली आहेत. म्हणजे एका ठिकाणी बसून खाण्याला आपल्या लोकांची हरकत नाहीच. देवासाठी बाहेर पडलेली बाई चालते. पगारासाठी, फाईलसाठी, परीक्षेसाठी एकटी बाहेर पडलेली बाई अजून डोळ्यांच्या सवयीची झालेली नाही, एवढंच. आणि डोळ्यांना सवय लावायची तर ती आधी दिसली पाहिजे. पडद्यामागे बसवून ती कधीच दिसायची नाही.

पडदा काढून टाका असं मात्र मी म्हणत नाही. परभणी, नांदेड, संभाजीनगर भागातल्या किती तरी बुरख्यातल्या भगिनींना तो आडोसा हवा असतो. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला हवा असतो. आजारी म्हातारीला घेऊन आलेल्या घराला हवा असतो. तो राहू द्या. पण तिथल्या गोण्या हलवा, पंखा चालू ठेवा, दर पाच मिनिटांनी पोऱ्याला तिथं डोकवायला सांगा. आणि कुठं बसायचं ते बाईला ठरवू द्या. "ताई, फॅमिली आत" याऐवजी "ताई, बसा, काय आणू?" एवढंच पोऱ्याला शिकवा. समोर बसायचं तर ती समोर बसेल, आत जायचं तर आत जाईल.

तुमच्या अडचणी मी ऐकलेल्या आहेत. एक मालक मला म्हणाले होते की बायका बसल्या की नेहमीचं गिऱ्हाईक बिचकतं, मोकळेपणानं बोलत नाही. बिचकू द्या थोडं. आईबहिणींवरून शिव्या देत भजे खायची ज्याला चटक आहे, त्यानं जरा जीभ आवरली तर हॉटेलाचं काही बिघडत नाही, आणि तुमच्या दहा-बारा वर्षांच्या पोराच्या कानावरही ते कमी पडेल. दुसरी अडचण सांगतात ती अशी की काही कमीजास्त झालं तर आमच्यावर येईल. खरं सांगायचं तर बंद खोलीत एकट्या बाईला बसवण्यात धोका अधिक. चारचौघांत, मालकाच्या नजरेसमोर बसलेल्या बाईच्या वाटेला कोण जातो? गल्ल्याजवळचं पहिलं टेबल यासाठी सगळ्यात चांगलं. आणि बायका फार वेळ टेबल अडवून बसतात हे तर निव्वळ ऐकीव. पहिली गाडी गाठणारी बाई कुणापेक्षाही लवकर खाऊन उठते. दोन-दोन तास एका कट चहावर राजकारण करत बसणारे कोण असतात, ते तुम्हीच सांगा.

हे होऊ शकतं, हे मी बघितलेलं आहे. आमच्याकडच्या एका तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ एक साधंच हॉटेल आहे, पत्र्याचं छत, सहा टेबलं. मालकाला दवाखान्याच्या चकरा लागल्या म्हणून सकाळी त्यांची बायको गल्ल्यावर बसू लागली. त्या मावशींनी काही फळा लावला नाही, काही जाहीर केलं नाही. दारात बाई दिसली की त्या नुसतं "या" म्हणायच्या आणि समोरच्या टेबलाकडे बघायच्या. पहिल्यांदा दवाखान्यातल्या नर्स येऊ लागल्या, मग आम्ही शिक्षिका, मग बाजारच्या दिवशी भाजीवाल्या. आता तिथं सकाळी आठला गेलं तर एका टेबलावर कंडक्टर बाई तिकिटाचा हिशेब लावत पोहे खात असते आणि शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे भजे खात पावसाचं बोलत असतात. कुणाचं कुणाला काही वाटत नाही. मालक बरे होऊन परत गल्ल्यावर आले, तरी ही बसायची रीत तशीच राहिली.

लातूरच्या मालकांना वेगळं सांगायचं आहे. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नमुळे तुमच्या शहरात मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पोरी येतात. सतरा-अठरा वर्षांच्या, आईबापापासून पहिल्यांदा लांब राहिलेल्या, पहाटेपासून क्लासला पळणाऱ्या. त्यांच्याबरोबरीचे पोरं क्लास सुटला की गाड्यावर घोळक्यानं उभे राहून राईस खातात, हसतात, गणितं सोडवतात. पोरी पार्सल घेऊन खोलीवर जातात किंवा बिस्किटाच्या पुड्यावर भागवतात. डॉक्टर होण्यासाठी आईबापांनी त्यांना पाठवलं, आणि गावात उभं राहून नाश्ता करायची त्यांना चोरी. गाड्याच्या एका बाजूला दोन बाकडी टाका. पोरी आपोआप घोळक्यानं येतील, त्यांना एकमेकींची सोबत पुरते.

दोन कामं खर्चाची आहेत, तीही सांगून टाकते. पहिलं, संडासाच्या दाराला आतून कडी आणि आत पाणी. पुष्कळ बाया प्रवासात पाणीच पीत नाहीत, का ते तुमच्या घरातल्या बाईला विचारा. दुसरं, दारातला धूर. सार्वजनिक जागी बिडी-सिगारेट ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे आणि त्यात हॉटेलही येतं. तीसपेक्षा कमी बैठकीच्या हॉटेलाला तर धूम्रपानाची वेगळी खोलीही करता येत नाही. तरी आपल्याकडे दारातच चार जण धूर सोडत आणि पिचकाऱ्या मारत उभे असतात, त्यांच्यामधून अंग चोरून आत शिरावं लागतं. त्यांना "बाजूला व्हा" एवढं सांगायचा हक्क मालक म्हणून तुमचाच आहे, आमच्या सांगण्यानं ते हलत नाहीत.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये किती तरी बायकांच्या खात्यात पडतात. ते काढायला त्या बँकेत येतात. त्या पैशातून त्या पोरांना खाऊ नेतात, सासूची औषधं नेतात. तुमच्या हॉटेलासमोरून जाताना भज्यांचा वास त्यांनाही येतोच. स्वतःच्या पैशानं, स्वतःसाठी, बसून एक प्लेट खायची ही चैन त्यांच्या आयांनी केली नाही आणि आज्यांनी तर नाहीच नाही. तुम्ही "या" म्हणालात तर त्या करतील.

माझी बदली आता होण्यासारखी नाही, म्हणजे सकाळची गाडी चालूच राहणार. येत्या सोमवारी शाळा भरायच्या आत आम्ही काही जणी आपापल्या गावच्या हॉटेलात जाऊन समोरच्या टेबलावर बसणार आहोत. सुशीला असेल तर सुशीला, नसेल तर पोहे मागवू, वर चहा घेऊ, पैसे देऊ आणि गाडीला जाऊ. त्या वेळी तुमचा पोरगा मागच्या दाराकडे हात करायला लागला, तर त्याला थांबवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सकाळच्या पहिल्या गाडीनं जाणारी एक शिक्षिका